इब्राहिमखानाचा पगार

पानिपतच्या तिसऱ्या लढाईने मराठी भाषेला काही बोल कायमचे दिले. निवडणुकीत एखाद्या उमेदवाराचे ‘पानिपत’ होते. ‘विश्वास तर पानिपतात गेला’ असे आपण आजही सहज बोलून जातो. ‘भाऊगर्दी’ हा शब्दही त्याच प्रसंगाशी जोडला जातो. या शब्दांच्या शेजारी त्याच काळातला आणखी एक शब्द मराठीत राहून गेला आहे, तो म्हणजे ‘गारदी’. पण तो कानावर पडला की पानिपत आठवत नाही, आठवतो शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांना भर वाड्यात ज्यांनी कापून काढले ते गारदी. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आणि ‘ध चा मा’ ही म्हण यांच्या सोबतीने हा शब्द घराघरांत पोचला. नाटकांनी, कादंबऱ्यांनी त्याला आणखी काळा रंग दिला. गारदी म्हणजे पैशासाठी धन्याचा गळा कापणारा, असा अर्थ मराठी मनात पक्का बसला.

पण या खुनाच्या बारा वर्षे आधी पानिपताच्या मैदानावर मराठ्यांच्या डाव्या बगलेला जे सैन्य उभे होते, तेही गारद्यांचेच होते. त्यांचा सरदार इब्राहिमखान गारदी. त्या दिवशी कोण हटले, कोण निघून गेले याची चर्चा अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. इब्राहिमखानाच्या बाबतीत मात्र अशी चर्चा कोणी करत नाही. तो हटला नाही आणि त्याच्या पलटणीही हटल्या नाहीत. एकाच शब्दाखाली एवढी निष्ठा आणि एवढी फितुरी कशी मावली? आम्ही या प्रश्नाकडे जितके पाहिले, तितके त्याचे उत्तर माणसांच्या जातीधर्मात न सापडता सैन्याच्या संघटनेत सापडत गेले. आणि त्या संघटनेच्या मुळाशी सापडली एक अगदी साधी, रोजच्या व्यवहारातली गोष्ट. ती म्हणजे पगार.

गारदी म्हणजे कोण?

गारदी ही जात नव्हती आणि पंथही नव्हता. फ्रेंच ‘गार्द’, म्हणजे पहारेकरी, या शब्दावरून हे नाव आले असे मानले जाते. युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेले, एका हुकमावर बंदुकीचा बार काढणारे, रांग न मोडता पुढे सरकणारे आणि वेळ पडल्यास संगिनी रोखून चाल करणारे पायदळ, एवढाच या शब्दाचा मूळ अर्थ. त्यात मुसलमान होते तसे हिंदूही होते. नारायणरावांच्या खुनात ज्यांची नावे येतात ती पाहा. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ, आणि त्यांना सामील झालेला खाजगीतला नोकर तुळाजी पवार. नावे वाचली तरी कळते की हा कोणा एका धर्माचा उद्योग नव्हता.

दख्खनमध्ये या पद्धतीचा दरारा बसवला तो बुसी या फ्रेंच सेनानीने. १७५१ मध्ये तो हैदराबादच्या निजामाच्या दरबारी आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निजामाची फौज पुण्याच्या रोखाने निघाली. तेव्हा बुसीच्या तोफखान्याने मराठी घोडदळाला चांगलाच हिसका दाखवला. मराठी स्वार चपळाईत कमी नव्हते; पण एका लयीत सुटणाऱ्या बारांपुढे आणि तोफांपुढे नुसती चपळाई पुरेना, हे पुण्याच्या दरबाराने ओळखले.

बुसीची खरी अडचण मात्र लढाईत नव्हती, ती खजिन्यात होती. कवायती पायदळ महाग असते. स्वार मुलूखगिरीवर जगू शकतो, पण रोज कवायत करणारा शिपाई लुटीवर जगू शकत नाही. तो लुटीला गेला तर रांग मोडते आणि रांग मोडली तर तो कवायती शिपाई राहतच नाही. त्याला महिन्याच्या महिन्याला रोख रक्कम लागते. निजामाकडून पगार थकू लागले तेव्हा १७५३ मध्ये बुसीने पूर्व किनाऱ्यावरचे एलूर, राजमहेंद्री, चिकाकोल वगैरे सरकार-जिल्हे फौजेच्या खर्चासाठी तोडून घेतले. म्हणजे महसूल निजामाचा, पण तो थेट शिपायाच्या पगाराला लावलेला. इब्राहिमखान याच फौजेत तयार झाला. त्याने तिथे तोफा आणि कवायत शिकली तसा हा दुसरा धडाही शिकला की फौज मैदानावर उभी राहण्याआधी हिशेबाच्या वहीत उभी राहावी लागते.

मराठी राज्याची जुनी घडी

हा धडा मराठी राज्याला परका होता असे कोणी समजू नये. छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्याची जी घडी सभासदाने नोंदवली आहे, ती वाचली की थक्क व्हायला होते. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पुढे पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. पण दोघांचे वेतन ठरलेले. लूट मिळाली तर ती सरकारात जमा व्हायची, तिचा हिशेब व्हायचा. लढवय्यांच्या बरोबरीने हिशेबनीस नेमलेले असायचे. सैनिकाला जमिनीचा तुकडा लावून देण्यापेक्षा रोख वेतन द्यावे, हा महाराजांचा कटाक्ष होता. पायदळाच्या आरंभीच्या सरनोबतांत नूरबेगाचे नाव सभासद देतो. त्या व्यवस्थेत नूरबेग कोणत्या धर्माचा, यापेक्षा त्याच्या हाताखाली किती हशम आहेत आणि त्यांचा हिशेब चोख आहे का, याला महत्त्व होते.

महाराजांनंतरच्या पंचवीस-तीस वर्षांच्या धकाधकीत ही घडी विस्कटली. राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेबाच्या प्रचंड फौजेशी लढायचे होते आणि खजिना रिकामा होता. अशा वेळी सरदारांना मुलूख लावून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यातून सरंजामी पद्धत वाढली. सरदाराने सरंजाम घ्यावा, त्यातून फौज पोसावी आणि बोलावणे आले की हजर व्हावे. या पद्धतीने मराठे नर्मदा ओलांडून गेले हे खरे आहे. पण फौज राज्याची राहिली नाही, सरदारांची झाली. शिंद्यांचा स्वार शिंद्यांचा आणि होळकरांचा स्वार होळकरांचा. पेशव्यांची स्वतःची हुजुरात होती, पण मोठ्या मोहिमेत ती अनेक फौजांमधली एक फौज ठरे. पेशव्यांच्या डोक्यावर सावकारांचे कर्ज असे आणि मोहीम निघे ती बऱ्याचदा कर्ज फेडण्यासाठी. पगाराची शेवटची पायरी म्हणजे पेंढारी. त्याला पगारच नसे, लूट हाच त्याचा पगार.

अशा सैन्यात १७६० च्या सुमारास एक माणूस येतो आणि म्हणतो, माझ्या शिपायांचा पगार दरमहा चुकता झाला पाहिजे. बाकीच्या सरदारांना हे कसे वाटले असेल याची कल्पना करता येते.

उदगीर ते दिल्ली

सदाशिवरावभाऊंनी गारद्यांना जवळ केले ते डोळे उघडे ठेवून. इब्राहिमखानाच्या आधी मुजफ्फरखान नावाचा गारदी सरदार पेशव्यांकडे होता. १७५९ मध्ये भाऊंवर जीवघेणा हल्ला झाला, त्या कटात मुजफ्फरखानाचा हात आढळला आणि त्याला देहदंड झाला. तरीही भाऊंनी ‘गारदी नकोतच’ असे म्हटले नाही. निजामाच्या चाकरीतून बाहेर पडलेल्या इब्राहिमखानाला त्यांनी आपल्याकडे घेतले. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याला द्यायची नसते, ही समज त्या काळातल्या एका पेशवे घराण्यातल्या सेनापतीला होती, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

भाऊंचा निर्णय फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला खरा ठरला. ज्या निजामाकडे इब्राहिमखान वाढला, त्याच निजामाच्या फौजेवर त्याच्या तोफा चालल्या. निजामाने सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले मराठ्यांना सोडून दिले. मार्चमध्ये जालन्याजवळच्या परतूरहून उत्तरेची मोहीम निघाली तेव्हा गारदी तिच्या कण्यासारखे होते. काशीराज पंडिताने दिलेल्या आकड्यांनुसार इब्राहिमखानाकडे नऊ हजार बंदूकधारी पायदळ, दोन हजार स्वार आणि चाळीस तोफा होत्या.

हा काशीराज अवधच्या शुजाउद्दौलाच्या पदरी होता. पानिपतावर तो अब्दालीच्या बाजूच्या छावणीत हजर होता आणि १७८० मध्ये त्याने आपली हकिकत फारसीत लिहून ठेवली. इब्राहिमखानाविषयीचे सर्वांत चांगले शब्द या विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराने लिहिले आहेत, ही गोष्ट विसरता कामा नये.

उत्तरेत गेल्यावर जुनी दुखणी वर आली. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांचे म्हणणे होते की जड तोफा, बायकापोरे आणि बुणगे मागे एखाद्या किल्ल्यात ठेवावे आणि हलक्या घोडदळाने गनिमी काव्याने लढावे. भाऊंची भिस्त उदगीरला चमकलेल्या तोफांवर होती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. पण दोन पद्धती एका फौजेत एकत्र नांदवायच्या तर एक सेनापती, एक हुकूम आणि एक खजिना लागतो. हुकूम भाऊंचा होता, तरी सरदार आपापल्या मर्जीचे मालक होते. आणि खजिन्यात खडखडाट होता.

ऑगस्ट १७६० मध्ये दिल्लीचा किल्ला हाती आला. तिथेही पैसा मिळाला नाही. शेवटी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिची सुमारे नऊ लाखांची नाणी पाडावी लागली. या घटनेवरून भाऊंना नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. परंतु ती चांदी भाऊंच्या घरी गेली नाही, ती फौजेच्या पगारात गेली. गोविंदपंत बुंदेल्यांना गेलेली भाऊंची पत्रेही पैशाच्या तगाद्याने भरलेली आहेत. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला, त्यात गारद्यांच्या तोफांचा मोठा वाटा होता. तिथे धान्य आणि द्रव्य मिळाले, पण ते लाखाच्या छावणीला किती दिवस पुरणार? याच सुमारास अब्दाली यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. नोव्हेंबरपासून पानिपताला दोन्ही छावण्या समोरासमोर ठाकल्या. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि रसदेचा दोर तुटला. जानेवारीच्या सुरुवातीस दिल्लीहून खजिना घेऊन येणारी एक तुकडी अंधारात वाट चुकली आणि चक्क अफगाण छावणीत शिरली. तो पैसा गेला आणि माणसेही गेली.

पगाराचा महिना असा बुडाला.

१४ जानेवारीची सकाळ

पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, १४ जानेवारी १७६१. आदल्या रात्री उपाशी शिपायांनी भाऊंना साकडे घातले की अन्नावाचून मरण्यापेक्षा लढून मरू द्या. सकाळी फौज बाहेर पडली. इब्राहिमखानाच्या सल्ल्याने ‘गोल’ करून चालायचे ठरले होते. सभोवती तोफा आणि पायदळ, मधे घोडदळ आणि बुणगे, अशी ही रचना. लढत लढत यमुनेच्या बाजूला सरकायचे आणि दिल्लीची वाट मोकळी करायची असा बेत होता.

लढाईला तोंड लागण्यापूर्वी इब्राहिमखान घोडा काढून भाऊंकडे आला. काशीराजाने तो प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याचा आशय असा की, माझ्या लोकांचा पगार वेळेवर मिळावा म्हणून मी नेहमी हट्ट धरला, त्यामुळे आपण माझ्यावर पुष्कळदा नाराज झालात. या महिन्यात तर खजिनाच लुटला गेला आणि आम्हांला काहीच मिळाले नाही. पण त्याची फिकीर नको, आज आम्ही आमचे काम चोख करून दाखवतो. एवढे सांगून तो आपल्या पलटणींकडे परतला.

त्याने निशाणे पुढे काढायला लावली आणि एक निशाण स्वतःच्या हाती घेतले. तोफा-बंदुकांचा मारा थांबवायचा हुकूम दिला. दोन पलटणी बगल सांभाळायला ठेवल्या आणि उरलेल्या सात पलटणी घेऊन हाफिज रहमतखान आणि दुंदेखान यांच्या रोहिल्यांवर संगिनी रोखून तो चालून गेला. रोहिले म्हणजे कडवे लढवय्ये. त्यांची फळी या हल्ल्याने पार विस्कटली आणि हजारो माणसे पडली. पण गारद्यांच्या पाठीशी ज्या घोडदळाने रचना राखून चालायचे होते, त्यातले काही स्वार उतावळेपणाने पुढे घुसले असे मराठी परंपरा सांगते. त्यामुळे आपल्याच तोफांच्या तोंडापुढे आपलीच माणसे आली. कवायती रांग म्हणजे काय आणि तिच्या मागे का थांबायचे, हे या स्वारांना कोणी शिकवलेच नव्हते. तरी एकट्या त्यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्या सरदाराने त्यांना वेगळ्या लढाईसाठी पोसले होते.

दुपारनंतर अब्दालीने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. त्याचीही फळी मोडली होती, त्याचेही लोक छावणीकडे पळत होते. त्याने आपले नसकची, म्हणजे शिस्त राखणारे शिपाई, मागे धाडले आणि पळणाऱ्यांना वळवून पुन्हा लढाईत आणले. राखीव फौज ऐन वेळी बाहेर काढली, उंटांवरच्या जंबुरका पुढे आणल्या. त्याच्याकडे पळणाऱ्याला परत फिरवणारी यंत्रणा होती. भाऊंकडे ती नव्हती. विश्वासराव पडल्यावर भाऊ स्वतः गर्दीत शिरले आणि मग हुकूम देणाराच उरला नाही.

इब्राहिमखानाच्या सहा पलटणी जवळजवळ नाहीशा झाल्या. भाल्यांच्या अनेक जखमा आणि बंदुकीची एक गोळी घेऊन तो शत्रूच्या हाती सापडला. शुजाउद्दौलाने त्याला आपल्या छावणीत ठेवले होते, पण अब्दालीने त्याला मागून घेतले. मुसलमान असून मराठ्यांकडून लढला हा त्याच्यावरचा राग होता. कैदेत त्याचे हाल झाले आणि काही दिवसांतच त्याचा अंत झाला. त्याच्या जखमांना विषारी औषध लावले गेले, असे काशीराज सांगतो.

वर्गात हा भाग शिकवताना उर्दू माध्यमाची आमची मुले हमखास विचारतात, “तो मुसलमान आणि अब्दालीही मुसलमान, मग तो तिकडे का गेला नाही?” हा प्रश्न निरागस असतो, पण तो मुलांच्या डोक्यात आलेला असतो बाहेरून. आम्ही त्यांना उलट विचारतो, “शुजाउद्दौलाच्या फौजेत गोसावी होते, हिंदू कारभारी होते. ते भाऊंकडे का आले नाहीत?” मुले विचारात पडतात. मग ‘नमक’ या शब्दाविषयी बोलता येते. नमकहलाल आणि नमकहराम हे शब्द त्यांच्या घरात रोज बोलले जातात. मराठीत आपण खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतो. त्या काळातला शिपाई, मग तो पुणेरी असो की पठाण, याच मिठाच्या हिशेबाने चालत होता. आम्ही एवढीच भर घालतो की मिठाला जागायचे तर ते मीठ आधी ताटात पडायला हवे. इब्राहिमखानाचे मोठेपण असे की शेवटच्या महिन्यात ते पडले नव्हते, तरी तो जागला.

पानिपतानंतर

आता शनिवारवाड्याकडे वळू. १७७३ मध्ये पुण्यात पहाऱ्यावर असलेले गारदी थकलेल्या पगाराच्या मागणीचा गलका करीत वाड्यात घुसले. कट आधीच शिजला होता, त्यात राघोबादादांच्या पक्षाचा हात होता. पण कटाला जे निमित्त सापडले ते थकलेल्या पगाराचे. इब्राहिमखानाच्या मागणीकडे दुर्लक्ष करून राज्याने काय शिल्लक ठेवले होते, ते इथे दिसते.

याचा अर्थ आम्ही खुनाचे समर्थन करतो असा नाही. पगार थकला म्हणून धन्याचा गळा कापणे हे पापच. शिवाय पगार थकलेले सगळेच मारेकरी होत नाहीत, हे इब्राहिमखानानेच दाखवले आहे. तेव्हा नुसता पगार हे सगळे उत्तर नव्हे. गारद्यांच्या व्यवस्थेतच एक खोट होती. शिपायाची गाठ राज्याशी नसे, ती त्याच्या नायकाशी असे. राज्य नायकाला रक्कम देई आणि नायक शिपायांना वाटे. म्हणजे सैन्य जणू ठेक्याने घेतलेले. ठेकेदार इब्राहिमखान असेल तर पलटण पानिपतावर मरेपर्यंत उभी राहते आणि ठेकेदार सुमेरसिंग असेल तर तीच पलटण वाड्यात शिरते. राज्याचे नशीब एका माणसाच्या इमानावर टांगलेले राहते. शिवाजी महाराजांच्या पागेत बारगीर आणि राज्य यांच्यामध्ये हिशेबाची वही होती. तीच वही गारद्यांसाठीही उघडायला हवी होती.

हे सर्वांत जास्त कोणाला कळले असेल तर महादजी शिंद्यांना. पानिपतावर पायाला झालेली जखम त्यांना जन्मभर लंगडत ठेवून गेली. त्यांचा जीव वाचवला तो राणेखान नावाच्या भिश्त्याने. आपल्या बैलावर घालून त्याने त्यांना दक्षिणेत आणले. महादजींनी त्याला भाऊ मानले, सरदारकी दिली आणि मोठमोठ्या मोहिमांत फौजा त्याच्या हाती सोपवल्या. पुढे १७८४ मध्ये त्यांनी द बॉयन या सेनानीकडून कवायती पलटणी उभारायला सुरुवात केली. आरंभ झाला दोन पलटणींनी, नंतर पुरे कंपू उभे राहिले. यशाचे गमक जुनेच होते. अलीगढच्या आसपासचा दुआबातला मुलूख या कंपूंच्या खर्चासाठी तोडून दिला गेला आणि पगार वेळेवर होऊ लागले. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे राजपूत फौजांना याच पलटणींनी हरवले. इब्राहिमखान जे मागत होता, ते महादजींनी तीस वर्षांनी करून दाखवले.

पण निम्मेच. शिपाई इथले होते आणि वरचे अधिकारी युरोपीय. महादजी १७९४ मध्ये गेले. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले तेव्हा कंपनीने जाहीरनामा काढला की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांची सोय केली जाईल. अधिकारी एकामागून एक निघून गेले. मुख्य सेनानी पेराँ सप्टेंबरातच कंपनीच्या आश्रयाला गेला. त्याच महिन्यात, २३ तारखेला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला लढाई झाली आणि १ नोव्हेंबरला राजस्थानात लासवारीला. दोन्हीकडे शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. तोफेजवळच संगिनींनी भोसकले जाईपर्यंत ते लढले, हे इंग्रज सेनापतींनीच कबूल केले. असईला वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. नेते निघून गेले आणि शिपाई उभे राहिले, असे हे चित्र आहे.

कंपनीकडे याहून वेगळे काय होते? शौर्य वेगळे नव्हते. तिचे बहुतेक शिपाई याच मातीतले होते. पण १७६५ पासून बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल, तिच्या हातात होता. पगार ठरल्या दिवशी होत होता आणि एक सेनापती पडला तर दुसरा कोण, हे आधीच ठरलेले होते. इथल्या माणसांनी इथलाच देश परक्यांना जिंकून दिला, या दुःखामागे एक कारण हेही आहे की इथल्या राज्यकर्त्यांपेक्षा परक्यांचा पगार वक्तशीर होता.

आज हे कशासाठी सांगायचे?

आजच्या कोणत्याही राष्ट्राचे सैन्य या जुन्या अनुभवांवर उभे आहे. शिपायाची गाठ सरदाराशी नसते, राज्याशी असते. त्याचे वेतन सरकारी खजिन्यातून त्याच्या नावावर जमा होते. सेनापती बदलतो, निवृत्त होतो, पण सैन्य त्याच्याबरोबर निघून जात नाही. भारताच्या सैनिकाची शपथ कोणा व्यक्तीच्या नावाची नसते, संविधानाशी निष्ठेची असते. हे सगळे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्यासाठी किती पानिपते घडावी लागली याचा विसर पडतो.

मराठी वाचकांना इब्राहिमखान आता अनोळखी नाही. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ या कादंबरीने १९८८ पासून त्याला घरोघर पोचवले. आपण मुसलमानही त्याचे नाव अभिमानाने घेतो. सभांमधून, संमेलनांमधून, शांतता समितीच्या बैठकीतून इब्राहिमखान गारदी हमखास निघतो. आमच्या देशप्रेमावर संशय घेऊ नका, पाहा आमचा इब्राहिमखान, असा तो सूर असतो. त्यामागची वेदना आम्ही जाणतो. तरीही आम्हांला वाटते की अशाने आपण त्याला लहान करतो. दाखला मागितला जातो तो संशयिताकडे, आणि आपण मागितल्याबरोबर कपाटातून इब्राहिमखान काढून पुढे करतो. त्याने भाऊंना दाखला दिला नव्हता. त्याने पगार मागितला होता.

दर महिन्याला मागितला, नाराजी ओढवून घेऊन मागितला. पाहुणा असा भांडत नाही, खुशामतखोर तर नाहीच नाही. घरचा माणूसच असा भांडतो. आपल्या लोकांच्या पोटासाठी सेनापतीसमोर उभे राहून बोलणारा नायकच वेळ आल्यावर निशाण हाती घेऊन पुढे चालतो, आणि त्याचे लोकही म्हणूनच त्याच्या मागे चालतात. विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षे पगाराविना शिकवणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. ते पगार मागतात म्हणून त्यांचे शिकवण्यावर प्रेम नाही, असे कोणी म्हणू शकेल काय?

उर्दूत आम्ही मुलांना हक आणि फर्ज हे दोन शब्द जोडीने शिकवतो. मराठीत हक्क आणि कर्तव्य. अलीकडे हक्क मागणाऱ्याच्या निष्ठेवर बोट ठेवायची रीत पडली आहे, आणि ती सर्वच समाजांत आहे. अशा वेळी इब्राहिमखानाची ती सकाळ वाचावी. त्याने आधी हक्काची गोष्ट काढली आणि मग फर्ज अदा केले. हक्क मिळाला नव्हता म्हणून फर्ज टाळले नाही, आणि फर्ज अदा करायचे म्हणून हक्काविषयी गप्प बसला नाही. भाऊंच्या समोर, लढाईच्या तोंडावर, त्याने दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या. मराठी शब्दकोशात ‘गारदी’ या शब्दापुढे खुनी, फितूर असे अर्थ सांगितले जातील तेव्हा त्यांच्या शेजारी हाही अर्थ लिहिला जावा, एवढीच आमची मागणी आहे.